राजा रविवर्मा : अखंड उद्योगाचा चित्रकार

शारदोत्सवाच्या दिवशी जुन्या मराठी ग्रंथालयांतून ज्या सरस्वतीच्या तसबिरीला हार घातला जातो, ती पुष्कळदा रविवर्म्यांची सरस्वती असते. शुभ्र साडी, हाती वीणा, शेजारी मोर, मागे शांत जलाशय. हे रूप आपल्या मनात इतके दृढ झाले आहे, की ते कोणा एका माणसाने एका विशिष्ट काळी कल्पिले व रंगविले, ही गोष्टच विस्मरणात गेली आहे. लक्ष्मीचेही तसेच. घराघरांतील देव्हाऱ्यांत, पेढ्यांवर, पाठशाळांत ही चित्रे पोहोचली, आणि चित्रे जितकी दूरवर गेली तितका त्यांचा कर्ता त्यांच्या मागे झाकला गेला.

तो कर्ता मोठा विलक्षण उद्योगी पुरुष होता. राजांची व्यक्तिचित्रे, पुराणप्रसंगांचे भव्य फलक, देशभरचा प्रवास, परदेशांतील प्रदर्शने, छापखान्याचा व्यवसाय, गावाकडचे एकत्र कुटुंब आणि दरबारी मानपान, एवढा सारा व्याप त्याने सुमारे छत्तीस वर्षे सांभाळला. हा व्याप त्याला कसा पेलला, कोठे पेलला नाही आणि त्याची किंमत कोणी मोजली, हा विषय त्याच्या चित्रांइतकाच मनन करण्याजोगा आहे. वडोद्याचे नाव तर या चरित्राशी कायमचे जोडले गेले आहे.

रविवर्म्यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे झाला. किळिमानूरचे घराणे त्रावणकोरच्या राजकुलाशी पूर्वापार संबंध असलेले, विद्या आणि कला यांचा वारसा चालविणारे होते. वडील नीळकंठ भट्टतिरी हे संस्कृतज्ञ विद्वान. आई उमांबा या स्वतः कवयित्री होत्या. त्यांनी रचलेले ‘पार्वती स्वयंवरम्’ हे काव्य त्यांच्या पश्चात रविवर्म्यांनी छापून प्रसिद्ध केले. मामा राजराज वर्मा हे हौशी चित्रकार असून तंजावर शैलीची चित्रे काढीत. भाच्याचा हात त्यांनीच प्रथम ओळखला आणि त्याला धडे दिले. १८६२ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, ते त्याला तिरुवनंतपुरमला महाराज आयिल्यम तिरुनाळ यांच्या दरबारी घेऊन गेले. महाराजांनी मुलाला राजवाड्याच्या आश्रयाने राहू दिले.

तैलरंगांचे तंत्र त्या काळी या देशात नवे होते आणि ज्यांना ते ठाऊक होते ते सहसा ते उघड करीत नसत. दरबारी चित्रकार रामस्वामी नायडू यांनी या राजाश्रित मुलाला शिकविण्याची फारशी उत्सुकता दाखविली नाही. नायडूंचा एक शिष्य रात्री गुपचूप येऊन त्याला रंगांची मिश्रणे समजावून देई, अशी आख्यायिका आहे. १८६८ साली थिओडोर जेन्सन हा युरोपीय व्यक्तिचित्रकार त्रावणकोरला आला. त्यानेही काम करताना पाहत उभे राहण्यापलीकडे सवलत दिली नाही. रविवर्म्यांनी ती सवलत पुरेशी मानली. शिकविणारा नाही म्हणून रुसून न बसता जे दिसेल ते टिपावयाचे, घरी येऊन करून पाहावयाचे, चुकले तर पुसून पुन्हा आरंभ करावयाचा, ही सवय त्यांना याच काळात जडली. पुढील आयुष्यात प्रवासाच्या धबडग्यातही त्यांचे शिकणे थांबले नाही, याचे मूळ येथे आहे.

१८६६ साली मावेलिक्कराच्या राजघराण्यातील भागीरथी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. केरळातील या कुळांतून मातृवंशाची परंपरा होती. विवाहानंतर पत्नी आपल्या माहेरच्या घरीच राही, मुले आईच्या कुळाची होत, आणि पती आपल्या मातृगृहातून तेथे जाऊन येऊन असे. रविवर्म्यांना दोन पुत्र व तीन कन्या झाल्या. चित्रकाराच्या भटकंतीला ही कुटुंबपद्धती एका अर्थी सोयीची ठरली. त्यांच्या मागे घर उघडे पडले नाही. मुलांचे संगोपन आजोळच्या भरल्या घरात झाले. परंतु सोय ही काही सहवासाची जागा घेऊ शकत नाही. महिनोन् महिने चालणाऱ्या दौऱ्यांमुळे मावेलिक्कराला त्यांचे येणे पाहुण्यासारखे होत गेले. भागीरथी या प्रवासांत त्यांच्याबरोबर नसत. त्यांचे निधन झाले तेव्हा रविवर्म्यांनी पन्नाशीही गाठली नव्हती. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही.

चित्रकला हा छंद न ठेवता व्यवसाय करावयाचा, हा निर्णय त्यांनी १८७० च्या सुमारास घेतला. कोल्लूरच्या मूकांबिकेचे दर्शन घेऊन त्यांनी व्यवसायाला प्रारंभ केला, असे सांगतात. कालिकतच्या एका प्रतिष्ठित कुटुंबाचे समूहचित्र हे त्यांचे मोबदला घेऊन केलेले पहिले काम मानले जाते. राजकुलाशी संबंध असलेल्या माणसाने पैसे घेऊन इतरांची चित्रे काढावीत, ही गोष्ट त्या काळच्या समाजाला खटकणारी होती. रविवर्म्यांनी तिकडे लक्ष दिले नाही. श्रमाचे मोल घेण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही, आणि या एका गोष्टीने त्यांच्या पुढील साऱ्या आयुष्याचा पाया घातला गेला. आश्रयदात्याच्या मर्जीवर जगणारा कारागीर आणि स्वतःच्या अटींवर काम घेणारा व्यावसायिक यांतील अंतर त्यांनी तोडले.

यशही लवकर आले. १८७३ साली मद्रासच्या चित्रप्रदर्शनात, केसांत मोगऱ्याची माळ गुंफणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्राला सुवर्णपदक मिळाले. त्याच वर्षी व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनातही त्यांचा गौरव झाला. दुष्यंताला पत्र लिहिणाऱ्या शकुंतलेचे त्यांचे चित्र मद्रासचे गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांनी विकत घेतले, आणि मोनिअर विल्यम्स यांच्या शाकुंतलाच्या इंग्रजी भाषांतराच्या आरंभी ते छापले गेले. वयाच्या तिशीतच रविवर्म्यांचे नाव त्रावणकोरच्या सीमा ओलांडून गेले होते.

१८८० साली आयिल्यम तिरुनाळ निवर्तले. नवे महाराज विशाखम तिरुनाळ स्वतः विद्वान होते, परंतु त्यांचे व रविवर्म्यांचे सूर जुळले नाहीत. ज्या दरबारात अठरा वर्षे गेली तो दुरावला. त्याच सुमारास उत्तरेकडून जे बोलावणे आले त्यामागे एक मराठी भाषिक मुत्सद्दी होता. सर टी. माधवराव हे कुंभकोणमचे, तंजावरकडील देशस्थ मराठी घराण्यातले. त्रावणकोरचे दिवाण म्हणून त्यांनी रविवर्म्यांचा उदय पाहिला होता. पुढे इंदूरची दिवाणगिरी करून १८७५ मध्ये ते वडोद्यास आले होते. सयाजीराव महाराजांच्या हाती राज्याची सूत्रे देण्याचा समारंभ डिसेंबर १८८१ मध्ये व्हावयाचा होता. त्या निमित्ताने माधवरावांनी रविवर्म्यांना वडोद्यास पाचारण केले. तेथे त्यांनी काही महिने मुक्काम केला, महाराजांची आणि राजकुटुंबीयांची चित्रे रंगविली आणि त्यानंतर भावनगरसारख्या इतर संस्थानांतूनही त्यांना आमंत्रणे येऊ लागली. पुढे १८८५ मध्ये म्हैसूरच्या महाराजांनी त्यांना बोलाविले.

वडोद्याच्या या प्रवासात त्यांच्याबरोबर त्यांचा धाकटा भाऊ होता. त्याचेही नाव मामांप्रमाणेच राजराज वर्मा. वय अवघे एकवीस. रविवर्म्यांच्या चरित्रात या भावाचे स्थान नीट लक्षात घेतल्याखेरीज त्यांच्या अफाट कामाचा उलगडा होत नाही.

राजराज वर्मा १८६० साली जन्मले. म्हणजे वडील भावापेक्षा बारा वर्षांनी लहान. त्यांना इंग्रजीचे चांगले शिक्षण मिळाले होते. ते स्वतः उत्तम चित्रकार होते. निसर्गचित्रणात तर त्यांचा हात वडील भावाहूनही सरस होता, असे अनेक जाणकारांचे मत आहे. मद्रास व मुंबईच्या प्रदर्शनांत त्यांच्या चित्रांना पारितोषिकेही मिळाली. असा हा गुणी माणूस सुमारे पंचवीस वर्षे वडील भावाची सावली होऊन राहिला. संस्थानिकांशी व इंग्रज अधिकाऱ्यांशी होणारा पत्रव्यवहार तो पाही, प्रवासाची व्यवस्था करी, हिशेब ठेवी, आणि याशिवाय चित्रशाळेत उभा राहून अनेक मोठ्या फलकांची पार्श्वभूमी, झाडे, आकाश, पाणी, इमारती रंगवी. रविवर्म्यांच्या चित्रांतील पात्रांमागे जे निसर्गाचे खोल अवकाश दिसते, त्यात या भावाच्या कुंचल्याचा मोठा वाटा आहे. चित्रावर सही मात्र बहुधा एकाचीच असे.

१८९५ पासून राजराज वर्म्यांनी इंग्रजीत रोजनिशी लिहिली. ती २००५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, आणि या दोन भावांच्या दिनक्रमावर स्वच्छ प्रकाश पडला. कोणाचे चित्र कोठवर आले, बैठकीला कोण आले, कोण आले नाही, कोणाचे पैसे यावयाचे आहेत, कोणत्या गावी केव्हा निघावयाचे आहे, मुंबईत कोणते नाटक पाहिले, अशा साध्या नोंदींनी ती भरलेली आहे. त्या नोंदी वाचताना प्रतिभेच्या झटक्यांपेक्षा नियमित श्रमांचेच दर्शन अधिक घडते. काम दिवसाच्या उजेडात चाले. तैलरंगाचा एक थर वाळल्याखेरीज दुसरा चढविता येत नाही. त्यामुळे एकाच वेळी निरनिराळ्या अवस्थांतील अनेक चित्रे हाती असत. एक वाळत असता दुसऱ्यावर हात फिरे. ज्याचे चित्र काढावयाचे तो राजा वा दिवाण वेळेवर बैठकीला येईलच, याची शाश्वती नसे. अशा वेळी छायाचित्राच्या आधारे काम पुढे नेले जाई. संध्याकाळी प्रकाश ओसरला की भेटीगाठी, पत्रे, वाचन आणि जेथे असेल तेथे नाटक वा संगीत. मराठी व पारशी रंगभूमीचे प्रयोग दोघे भाऊ आवडीने पाहत. पुराणातील प्रसंग रंगविताना पात्रांची उभी राहण्याची ढब, हातांचे अभिनय, पडद्यासारखी मागची दृश्ये यांत रंगभूमीचा जो प्रभाव जाणवतो, तो या संध्याकाळांचा परिणाम होय. विश्रांतीचा वेळही अशा रीतीने कामाला पोषक ठरत असे.

रविवर्म्यांच्या कामाची वाटणी स्थूलमानाने दोन प्रकारची होती. व्यक्तिचित्रे हा चरितार्थाचा भाग. त्यांतून नियमित उत्पन्न होई आणि मोठ्या लोकांशी संबंध जुळत. पुराणचित्रे हा मनाचा ओढा. पहिल्यातून मिळालेला पैसा व प्रतिष्ठा दुसऱ्यासाठी अवकाश निर्माण करी. पुष्कळ कलावंतांच्या आयुष्यात या दोहोंचे वैर होते. रविवर्म्यांनी त्यांना एकमेकांच्या उपयोगी आणले. चेहऱ्यातील नेमके साम्य आणि कातडीचा, रेशमाचा, दागिन्यांचा पोत साधण्याचा जो सराव व्यक्तिचित्रांनी दिला, त्याच्याच बळावर त्यांची दमयंती वा शकुंतला हाडामांसाची होऊन समोर उभी राहिली.

या पुराणचित्रांना सर्वांत मोठे प्रोत्साहन वडोद्यानेच दिले. १८८८ साली उटकमंड येथे सयाजीराव महाराजांची व रविवर्म्यांची भेट झाली आणि महाराजांनी रामायण, महाभारत व पुराणे यांतील प्रसंगांवर चौदा चित्रे करण्याचे काम त्यांच्याकडे सोपविले. वडोद्यास त्या वेळी लक्ष्मीविलास राजवाडा आकार घेत होता. काम स्वीकारल्यावर दोघे भाऊ प्रथम उत्तर हिंदुस्थानच्या प्रवासास निघाले. प्राचीन काळी वेशभूषा कशी असेल, याचा काही सर्वमान्य आधार मिळतो का, हे त्यांना पाहावयाचे होते. प्रांतोप्रांती वेश निराळा आढळला. सर्व देशाला एकच असा जुना वेश काही सापडला नाही. अखेर जिवंत परंपरेतील साडीच त्यांनी आपल्या नायिकांना नेसविली, आणि तिच्यात मराठी पद्धतीच्या नेसणीला मोठे स्थान मिळाले. मराठी वाचकाला त्यांच्या सीता-दमयंती घरच्या वाटतात, त्याचे एक कारण हे आहे.

प्रवासाहून परतल्यावर त्यांनी दुसरी एक गोष्ट केली. दरबारांतून येणारी इतर आमंत्रणे दूर ठेवून ते किळिमानूरला आपल्या घरच्या चित्रशाळेत जाऊन बसले. जन्मगावच्या त्या शांततेत, भाऊ शेजारी असता, चौदाही चित्रे पुरी झाली. नल-दमयंती, हरिश्चंद्र-तारामती, विश्वामित्र-मेनका, द्रौपदीवस्त्रहरण, सीतास्वयंवर यांसारखे प्रसंग त्यांत होते. १८९० मध्ये काम संपले. हिंडणे आणि थांबणे या दोहोंचे प्रमाण त्यांना याच काळी सर्वांत चांगले साधले, असे म्हटले पाहिजे. डोळ्यांनी देश पाहून घ्यावा आणि हात मात्र घरी बसून चालवावेत, ही त्यांची रीत या चौदा चित्रांना फळली.

चित्रे राजवाड्यात लावली जाण्यापूर्वी लोकांना पाहावयास ठेवण्यात आली. तेव्हा जी गर्दी लोटली तिने रविवर्म्यांनाही चकित केले. ज्यांनी आयुष्यात कधी तैलचित्र पाहिले नव्हते अशी सामान्य माणसे आपल्या पुराणकथा डोळ्यांसमोर साकार झालेल्या पाहत होती. त्या चित्रांच्या छायाचित्रांच्या प्रती मोठ्या संख्येने विकल्या गेल्या. तैलचित्र एका राजाच्या भिंतीवर राहते. लोकांना ते आपल्या भिंतीवर हवे होते. आपल्या निवडक चित्रांच्या रंगीत प्रती छापून घ्याव्यात, असे माधवरावांनी त्यांना काही वर्षांपूर्वीच सुचविले होते. ती सूचना आता नव्याने मनात घोळू लागली. मध्यंतरी १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनासाठी त्यांनी दहा चित्रे पाठविली आणि तेथेही त्यांना पदके मिळाली. कीर्ती शिखरावर होती. या वेळी त्यांनी छापखाना काढण्याचे ठरविले.

१८९४ साली मुंबईत, एका व्यापाऱ्याच्या भागीदारीत, हा छापखाना सुरू झाला. यंत्रे जर्मनीहून आणली. कारागीरही जर्मन होते. ही छपाई शिळाप्रेसवरची. चित्रातील प्रत्येक रंगछटेसाठी निराळी शिळा तयार करावी लागे, आणि एकेक रंग आधीच्या रंगावर केसाचाही फरक न होता नेमका बसवावा लागे. शेवटी रोगणाचा हात देऊन तैलचित्राचा भास आणला जाई. अशा चित्रांना ओलिओग्राफ म्हणत. शकुंतलेच्या जन्माचे चित्र प्रथम छापले गेले, आणि त्यानंतर लक्ष्मी, सरस्वती व इतर देवदेवतांची चित्रे निघाली. देवळात ज्यांना प्रवेश नव्हता अशांच्या घरीही यामुळे देवाचे रूप पोहोचले, ही गोष्ट साधी नव्हे.

लोकांनी चित्रे उचलून धरली. तरीही छापखाना रविवर्म्यांना पेलला नाही. कारणे अनेक होती. परदेशी यंत्रे व माणसे यांचा खर्च मोठा होता, भागीदारी टिकली नाही, आणि १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. माणसे शहर सोडून गेली, धंदे बसले. १८९९ मध्ये छापखाना लोणावळ्याजवळील मळवली येथे हलविण्यात आला. सर्वांत मुख्य कारण मात्र चित्रकाराच्या वेळेचे होते. छापखाना चालविणे हे पूर्ण वेळचे काम आहे. रविवर्मा चित्रे काढण्यासाठी दरबारोदरबारी जात, आणि तेथे मिळालेला पैसा छापखान्याच्या कर्जात जाई. कर्ज फेडण्यासाठी अधिक चित्रे घ्यावी लागत, आणि अधिक चित्रे घेतली की छापखान्याकडे पाहणे होत नसे. हा फेरा कित्येक वर्षे चालला. त्याचा भार बहुतांशी राजराज वर्म्यांवर पडला. त्यांच्या रोजनिशीत छापखान्याच्या चिंता पुन्हा पुन्हा येतात. ज्याचे निसर्गचित्र प्रदर्शनात वाखाणले जाई, तो माणूस आपले दिवस देणेकऱ्यांना उत्तरे देण्यात घालवीत होता.

या काळातील रविवर्म्यांच्या चित्रांवरही या ओढगस्तीची छाया पडलेली दिसते. मागणी आली म्हणून लोकप्रिय चित्रांच्या प्रती पुन्हा करून देणे, तीच बैठक, तोच चेहरा थोड्या फरकाने वापरणे, हे प्रकार वाढले. त्यांच्या निस्सीम चाहत्यांनाही हे नाकारता येणार नाही. एवढ्या व्यापात प्रत्येक चित्राला सारखाच जीव देता येणे शक्य नव्हते.

अखेर नवे शतक उजाडल्यानंतर लवकरच त्यांनी छापखाना फ्रिट्झ श्लायशर या आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला विकून टाकला. चित्रे छापण्याचे हक्कही त्याबरोबर गेले. ज्या प्रतिमांनी पुढे पिढ्यान् पिढ्या घरे भरली, त्यांच्या विक्रीतला वाटा त्यांच्या जनकाला वा त्याच्या कुटुंबाला उरला नाही. व्यवहाराच्या दृष्टीने हा तोटाच होता. परंतु आपल्या हातून काय होण्यासारखे आहे आणि काय नाही, याचा निवाडा त्यांनी त्या दिवशी केला. मालकी सोडली आणि कुंचला राखला. श्लायशरने छापखाना चालविला, वाढविला. वडोद्याच्या कलाभवनात शिकलेले दादासाहेब फाळके यांनीही पुढे काही काळ या छापखान्यासाठी काम केले. चित्र हलते करण्याचा ध्यास घेणाऱ्या या पुरुषाच्या पौराणिक चित्रपटांत रविवर्म्यांच्या देवदेवतांचे वळण दिसावे, यात नवल नाही. मळवलीचा तो छापखाना १९७२ मध्ये आगीत भस्मसात झाला.

छापखान्यातून मोकळे झाल्यावरही विसावा मिळाला नाही. १९०१ मध्ये उदेपूर, १९०२ मध्ये हैदराबाद, असे दौरे चालूच होते. १९०० साली त्यांच्या दोन नाती त्रावणकोरच्या राजघराण्यात दत्तक गेल्या होत्या आणि ज्या राजकुलाने त्यांना बालपणी आसरा दिला, त्याच्याशी त्यांचे नाते अधिक जवळचे झाले होते. १९०४ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक देऊन गौरविले. म्हैसूरच्या महाराजांनी आपल्या राजवाड्यासाठी पौराणिक चित्रांचे मोठे काम सोपविले. बाहेरून पाहणाऱ्याला ही परिपूर्ण यशाची वर्षे वाटावीत.

परंतु जानेवारी १९०५ मध्ये राजराज वर्मा आजारपणात वारले. वय पंचेचाळीसही पुरे झाले नव्हते. तेव्हा रविवर्मा छप्पन्न वर्षांचे होते. पंचवीस वर्षे ज्याने पत्रे लिहिली, हिशेब ठेवले, सामान बांधले, आकाशे रंगविली, तो एकाएकी नाहीसा झाला. धाकटा पुत्र रामवर्मा हा मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेला चित्रकार होता; तो वडिलांच्या मदतीला आला. म्हैसूरचे काम रविवर्म्यांनी नेटाने पुढे नेले. पण मधुमेहाने शरीर पोखरले होते, आणि मनाचा आधार गेला होता. ज्या समतोलाचे श्रेय जग एका माणसाला देत आले, तो दोन माणसांनी मिळून धरलेला होता, हे या पावणेदोन वर्षांत स्पष्ट झाले. २ ऑक्टोबर १९०६ रोजी किळिमानूर येथे, जेथे जन्म झाला त्याच स्थळी, रविवर्म्यांची प्राणज्योत मालवली. वय अठ्ठावन्न होते.

त्यांच्या पश्चात थोड्याच वर्षांत कलाक्षेत्रात वारे फिरले. बंगालमधील नव्या कलाचळवळीने आणि आनंद कुमारस्वामींसारख्या विद्वानांनी त्यांच्या चित्रांवर कठोर टीका केली. पाश्चात्त्य तंत्राची उसनवारी, नाटकी अभिनय, देवत्वाचा अभाव असे आक्षेप घेतले गेले. त्यांतील काही आक्षेपांत तथ्यही आहे. परंतु काळाच्या ओघात टीकेची धार बोथट झाली आणि चित्रे राहिली. १९७९ मध्ये भारत सरकारने त्यांच्या कलाकृतींना राष्ट्रीय कलासंपत्तीचा दर्जा दिला. लक्ष्मीविलासच्या आवारातील महाराजा फत्तेसिंहराव संग्रहालयात त्यांच्या मूळ चित्रांचा फार मोठा संग्रह आहे, आणि छापचित्रांवरूनच ज्यांनी रविवर्मा पाहिला आहे त्यांना त्या मूळ रंगांसमोर उभे राहिल्यावर वेगळाच चित्रकार भेटतो.

त्या चित्रांपाशी आणखी थोडे थांबले, तर नायिकेच्या मुखावरून दृष्टी हळूहळू मागे सरकते. तेथे सांजवेळचे आकाश असते, दूरची झाडी असते, पाण्यावर पडलेला उजेड असतो. त्या झाडीवर आणि त्या उजेडावर सही नाही. रविवर्म्यांना अखंड काम करता यावे म्हणून ज्याने आपले काम मागे ठेवले, त्या भावाचा हात पुष्कळदा तेथे आहे. रविवर्म्यांचे स्मरण करताना त्या हाताचेही स्मरण होणे उचित आहे.